शैलजाच्या ऑफिसचा छुपा मालक

एडिसन, न्यू जर्सी
शनिवार, ८ ऑक्टोबर २००५

आदरणीय सुभाषकाका आणि काकू यांस,

प्रल्हाद गजभियेचा सविनय जय भीम. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या शुभेच्छा आधीच देऊन ठेवतो, कारण त्या दिवशी तुम्ही दीक्षाभूमीवर पाणी वाटपाच्या स्टॉलवर असाल आणि घरी पत्र उघडायला कुणी नसेल.

काकूंच्या डोळ्याची पट्टी सुटली आणि सुटल्यावर त्यांनी सर्वांत आधी तुमच्या शर्टाची मळलेली कॉलर पाहिली, हे शैलजाकडून कळलं. म्हणजे ऑपरेशन उत्तम झालं. तुमची शुगर कशी आहे ते विचारत नाही, कारण तुम्ही ‘बरी आहे’ म्हणाल आणि काकू मागून वेगळाच आकडा सांगतील. इकडे रत्ना ठीक आहे. हर्षिता दुसरीत गेली. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं, आणि हल्ली ते ‘व्हाय शुड आय’ एवढंच असतं. राहता राहिलो मी. मी ठीक नाही. मी तीन आठवड्यांपासून रागात आहे आणि राग उतरत नाही. परवा डॉक्टरने बीपी मोजलं आणि मशीन बिघडलं असेल म्हणून शेजारच्या खोलीतून दुसरं आणलं. दुसऱ्यावर आणखी दहा जास्त निघालं. डॉक्टर म्हणाला स्ट्रेस कमी करा. मी त्याला विचारलं, तुम्ही घर घेतलं तेव्हा लेंडर (म्हणजे कर्ज देणारी कंपनी) कोण होता. त्याने गोळी लिहून दिली.

फोनवर हे सगळं सांगता येत नाही. फोनवर दोन मिनिटं झाली की तुम्ही ‘बरं, तुझं बिल वाढत असेल’ म्हणून ठेवून देता, आणि मला निदान चाळीस मिनिटं संताप करायचा आहे. म्हणून पत्र. तुम्ही चौतीस वर्षं जिल्हा न्यायालयाच्या आवारात टेबल लावून लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप केलीत. माझ्या पासपोर्टच्या वेळी जन्मतारखेचा घोळ निस्तरणारं प्रतिज्ञापत्रही तुम्हीच टाइप केलं होतं (पैसे घेतले नाहीत, वर दोन चहा पाजलेत). कागदपत्रांवरचा राग तुमच्याइतका दुसऱ्या कुणाला समजणार नाही.

तर घर. इथेच एडिसनमध्ये एक टाउनहाउस बघितलं. खालच्या मजल्यावर स्वयंपाकघर, वर तीन खोल्या, मागे अंगण म्हणता येईल एवढं गवत. विकणारे एक म्हातारे विधुर गृहस्थ आहेत, मिस्टर कोवाल्स्की. त्यांना फ्लोरिडात मुलीकडे जायचं आहे आणि थंडीच्या आत जायचं आहे. रत्नाला स्वयंपाकघराची खिडकी आवडली. हर्षिताने वरची कोपऱ्यातली खोली आपली म्हणून वर्गात जाहीर केली. आमच्या अपार्टमेंटचं लीज ३१ ऑक्टोबरला संपतं आणि मॅनेजरने ते पुढच्या माणसाला देऊनही टाकलं आहे, कारण मीच जुलैमध्ये मोठ्या ऐटीत नोटीस दिली होती. म्हणजे एक तारखेपासून आम्ही एकतर त्या घरात असू, नाहीतर आमच्या टोयोटात.

इथे घर घ्यायला वकील लागतो. लेंडरचे पैसे थेट विकणाऱ्याच्या हातात पडत नाहीत. ते आधी आपल्या वकिलाच्या ट्रस्ट खात्यात येतात, वकील जुनी देणी फेडतो, विकणाऱ्याला त्याचे देतो, कागद नोंदवायला पाठवतो. एक-दोन दिवस सगळी रक्कम वकिलाच्या हातात असते. त्यामुळे तो वकील कोण आहे याची काळजी लेंडरला वाटणं साहजिक आहे. (मी त्या लेंडरचं नाव लिहीत नाही. हर्षिताला मी घरात वाईट शब्द उच्चारायचे नाहीत असा नियम घातला आहे.) तपासणीला माझा विरोध नाही, काका. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावरच माझं पोट चालतं. पण कुणाला तपासायचं आणि कुणाला सोडायचं, हे ज्याला कळत नाही, त्याने तपासणीला हात लावू नये.

वकील म्हणून शैलजा सोडून दुसरं नाव आमच्या मनात आलंच नाही. तुमची मुलगी म्हणून नव्हे. (थोडं तुमची मुलगी म्हणूनही.) दिवसा औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहून संध्याकाळी नेवार्कला लॉ स्कूल केलेली, पहिल्या झटक्यात वकिलीची बार परीक्षा पास झालेली, आपल्या इंदोऱ्याच्या वस्तीतून इथे येऊन स्वतःची पाटी लावणारी दुसरी वकील मला माहीत नाही. आणि तिने काम केलं. करार हातात येताच तीन दिवसांत तिने शोधून काढलं की कोवाल्स्कींनी तळघरातली खोली नगरपालिकेच्या परवानगीशिवाय बांधली आहे. मी ते घर दोनदा बघितलं होतं, तळघरात उभं राहून ‘छान खोली आहे’ म्हणालो होतो. तिने म्हाताऱ्याला ती परवानगी रीतसर काढायला लावली, ते सुद्धा त्याला न दुखावता. जाताना तो तिला टोमॅटो देऊन गेला.

आता माझी तपासणी कशी झाली ते ऐका. लेंडरचा डग नावाचा माणूस फोनवर होता. त्याने पगार विचारला, मी सांगितला. तो म्हणाला, त्यात बायकोचा धर. मी म्हटलं, बायको नोकरी करत नाही. तो म्हणाला, पुढे करेल ना? मी म्हटलं, तिने तसं ठरवलेलं नाही. तो म्हणाला, मग मी ‘अपेक्षित’ असं लिहितो. मी पगाराच्या स्लिपा फॅक्स करू का विचारलं तर म्हणाला, नको, फॅक्स मशीन फार बिझी असतं, आणि तुझा आवाज प्रामाणिक वाटतो. माझा व्हिसा अकरा महिन्यांनी संपतो हे त्याने विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं, तर म्हणाला तो तुझा खासगी प्रश्न आहे. एकूण अकरा मिनिटं लागली. त्यातली चार डॅलसच्या फुटबॉल टीमबद्दल होती, ज्याबद्दल मला काही माहीत नाही, आणि तेही त्याने मान्य केलं. तीस वर्षांचं कर्ज मला मंजूर झालं. मी फोन ठेवला आणि रत्नाला म्हटलं, हे लोक फार सज्जन दिसतात. ते वाक्य रत्नाने लक्षात ठेवलं आहे आणि ती ते दिवसातून दोनदा वापरते.

मग वकिलाचं नाव कळवलं आणि सज्जनपणा संपला. पत्र आलं की शैलजा रामटेके हे नाव आमच्या मंजूर यादीत नाही, सबब अर्ज करावा. अर्ज म्हणजे अडतीस पानं. वकिलीचा परवाना, कामात चूक झाली तर भरपाईचा विमा, ट्रस्ट खात्याचे बारा महिन्यांचे हिशेब, तीन इतर लेंडरांची शिफारसपत्रं, तिच्या स्वतःच्या क्रेडिटचा रिपोर्ट, फायलींच्या कपाटाच्या कुलपाचा फोटो, कागद फाडायच्या मशीनचा फोटो, आणि मशीन चालू असल्याचा वेगळा फोटो. त्याशिवाय टायटल कंपनीचं (म्हणजे घराच्या मालकीहक्काचा विमा देणारीचं) पत्र, की या वकिलाने पैशांचा घोटाळा केला तर आम्ही भरून देऊ. हे पत्रही तिने आणलं. आता मला सांगा, पैसे बुडाले तर भरून द्यायला दुसरी कंपनी तयार आहे, मग तुमचं पोट कशाला दुखतं? पण शैलजा तुमच्या वळणाची. निळ्या फोल्डरमध्ये सगळं लावून, प्रत्येक पानावर नंबर टाकून पाठवून दिलं. मी तिला म्हटलं, माझ्याकडून अकरा मिनिटं आणि तुझ्याकडून अडतीस पानं, तुला राग येत नाही? ती म्हणाली, दादा, तुम्ही पैसे घेऊन पळालात तर त्यांच्याकडे घर आहे, मी पळाले तर काय आहे? तिचं हे असं असतं. भांडायला गेलो की समजूत काढून परत पाठवते.

त्यानंतर ऑफिस बघायला माणूस आला. ऑफिस ओक ट्री रोडवर मिठाईच्या दुकानाच्या वर आहे हे तुम्हाला माहीत आहे. (तुम्ही फोटो बघून ‘जिना अरुंद आहे’ म्हणाला होतात. अजून अरुंदच आहे.) हा माणूस लेंडरचा नोकर नव्हे, लेंडरने नेमलेल्या कंपनीने नेमलेला. त्याने न कळवता यायचं असा नियम आहे, म्हणून न कळवता आला. शैलजा त्या दिवशी न्यू ब्रन्स्विकच्या कोर्टात होती. तिच्या मदतीला येणाऱ्या राधाताई पोस्टात गेल्या होत्या. बाहेरच्या खोलीत फक्त एक क्लायंट बसलेला होता. त्या माणसाने पाटीचा फोटो काढला, अग्निशामक नळकांड्याचा काढला, जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, आणि रिपोर्टात लिहिलं की जागेला साखरेचा वास येतो. इथवर ठीक होतं. जिलबी तळणाऱ्या दुकानावर कशाचा वास येणार, फिनाइलचा?

मग त्याची नजर भिंतीवर गेली. भिंतीवर दोन फोटो आहेत. एक बाबासाहेबांचा. दुसरा तुमचा, कोर्टाच्या आवारात टाइपरायटरपुढे बसलेला, कानावर पेन, समोर रांग. त्याने त्या क्लायंटला विचारलं हे कोण, आणि त्या क्लायंटने सांगितलं. काय सांगितलं ते रिपोर्टात जसंच्या तसं आहे. तुमच्यासाठी आपल्या कोर्टाच्या मराठीत उतरवतो: ‘दुसऱ्या छायाचित्रातील गृहस्थ हे वकिलांचे वडील असून येथील सर्व काही त्यांचेच आहे. ते सध्या भारतात राहतात. वकील दररोज सकाळी त्यांच्याशी बोलल्याशिवाय कामास सुरुवात करीत नाहीत.’

झालं. लेंडरच्या नियमात आहे की ऑफिसात ज्याची मालकी किंवा हुकूम चालतो अशा प्रत्येकाचं नाव अर्जात पाहिजे, त्याच्याकडे वकिलीचा परवाना पाहिजे, आणि त्याची पार्श्वभूमी तपासली पाहिजे. शैलजाने अर्जात मालक म्हणून फक्त स्वतःचं नाव लिहिलं होतं. तेव्हा तिने एक मालक लपवला. परदेशात राहणारा, विनापरवाना, रोज सकाळी फोनवरून हुकूम सोडणारा. तुम्ही, काका. तिकडे तुम्ही सकाळी उठून चण्याची डाळ भिजत घालता आणि इकडे एका अख्ख्या खात्यात तुमच्या नावाची फाइल उघडलेली आहे.

रोज सकाळच्या फोनवर काय बोलणं होतं ते मला माहीत आहे, कारण एकदा मी समोर बसलेलो होतो. गोळी घेतली का. जेवणानंतर घेतली की आधी. आईला फोन द्या. एवढंच. पण ‘कामाच्या आधी फोन’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याला काय वाटणार? आणि त्या क्लायंटबद्दल काय बोलावं. रिपोर्टात त्याचं नाव नाही, नुसतं ‘हजर क्लायंट’ असं आहे. असल्या माणसांना ऑफिसात बसू देऊ नये. विचारलेल्या प्रश्नाचं ‘तिचे वडील’ एवढं उत्तर देऊन तोंड मिटता आलं नाही. कुणी विचारलं म्हणून घरची पाळंमुळं सांगत बसायची, परक्या माणसापुढे छाती फुगवायची, कसली अक्कल नाही, काही नाही. शैलजाने रिपोर्ट वाचला. खुर्चीत बसली आणि बराच वेळ निळ्या फोल्डरची पानं सारखी करत राहिली. सगळी पानं आधीच सारखी होती. मला तो क्लायंट समोर दिसला असता तर मी त्याच्या थोबाडीत दिली असती.

शैलजाने खुलासा लिहिला. उत्तर आलं की वकिलाने स्वतःच्या मालकीबद्दल स्वतः दिलेला खुलासा ग्राह्य नाही. मग मी फोन केला. त्या खात्याचं नाव त्रयस्थ पक्ष देखरेख असं काहीतरी आहे. बेचाळीस मिनिटं पियानो ऐकवला. मग नॅन्सी नावाची बाई आली आणि म्हणाली, ‘सर, आय अंडरस्टँड युअर फ्रस्ट्रेशन.’ हे वाक्य ऐकलं की माझा खरा राग सुरू होतो. मी फोन बाजूला धरून रत्नाला मराठीत जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. तर पलीकडून हळूच आवाज आला, ‘दादा, मला ऐकू येतंय.’

ती हिंजवडीत बसली होती. खरं नाव नेत्रा. लेंडरने ते काम पुण्याला दिलं आहे, म्हणजे तुमच्या फाइलवर पुण्यात निर्णय चालू आहे आणि तो एडिसनला कळवला जातो. (ही गोष्ट मी अजून नीट पचवू शकलेलो नाही.) मी म्हटलं, अगं, मग तुला तर कळायला पाहिजे. वडील म्हणजे मालक नव्हेत. आपल्याकडे असं म्हणतात. ती म्हणाली, ‘मला कळतं हो दादा, पण मी काय करू? स्क्रीनवर ड्रॉपडाउन आहे. ओनर आणि नॉट ओनर. रिपोर्टात सर्व काही त्यांचंच आहे असं लिहिलंय, मग मला ओनरच सिलेक्ट करावं लागतं. वडील असा ऑप्शनच नाही.’ मी म्हटलं, हा डिफेक्ट आहे, लॉग कर. ती म्हणाली, ‘केलाय, यार. सॉरी, दादा. पण तो लो प्रायोरिटीत टाकलाय.’ मी वीस वर्षं नाही तरी नऊ वर्षं हेच काम करतो आहे, त्यामुळे लो प्रायोरिटी म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायला नको.

तुम्ही विचाराल, मग यादीतला दुसरा वकील का घेत नाही. विचारलं. यादीत आमच्या भागातले तीन होते. पहिले दोघे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बुक आहेत, कारण सध्या इथे ज्याला श्वास घेता येतो तो घर घेतो आहे. तिसऱ्याला फोन केला तर त्याच्या पत्नीने उचलला. तो मार्च महिन्यात वारला. मी दिलगिरी व्यक्त केली, ती बिचारी म्हणाली, काही नाही, आठवड्याला एखादा फोन येतोच. मी नेत्राला कळवलं. तिने स्क्रीन बघून सांगितलं की त्यांचं अ‍ॅप्रूव्हल डिसेंबरपर्यंत व्हॅलिड आहे आणि त्यांच्याविरुद्ध एकही तक्रार नाही. नसणारच. देखरेख या शब्दाचा अर्थ काय होतो, काका? जो मेला आहे तो त्यांच्या हिशेबाने उत्तम वकील, आणि जी जिवंत आहे, तळघरातली बेकायदा खोली पकडते आहे, पानांवर नंबर टाकते आहे, ती संशयित. आणि ज्याला खरोखर एवढे पैसे मिळणार आहेत त्या माझा मात्र आवाज प्रामाणिक. दुसरा लेंडर धरावा तर सहा आठवडे. सहा आठवडे टोयोटात कसे काढणार?

आता परिस्थिती अशी. क्लोजिंग, म्हणजे शेवटच्या सह्या आणि पैशांची देवघेव, ३० सप्टेंबरला होणार होतं, ते हुकलं. कोवाल्स्कींच्या वकिलाने नोटीस दिली आहे की २८ ऑक्टोबरपर्यंत व्यवहार झाला नाही तर करार रद्द आणि आमची अनामत गेली. म्हाताऱ्याने स्वतः फोन करून माफी मागितली, म्हणाला माझा वकील कडक आहे, मी तुला टोमॅटो पाठवतो. आणि याहून वाईट गोष्ट अशी की २१ तारखेपर्यंत हा छुप्या मालकाचा प्रश्न सुटला नाही तर शैलजाचा अर्ज ‘प्रलंबित’ वरून ‘नामंजूर’ होईल. ते नामंजूर बाकीचे लेंडरही बघतात. मग तिच्याकडे घराचं काम कोण देणार? माझं एक घर जाईल, दुसरं मिळेल. तिची चार वर्षांची पाटी जाईल. हे तिने मला सांगितलेलं नाही. राधाताईंनी जिन्यात सांगितलं आणि सांगताना डोळे पुसले.

असो. राग ओकून झाला. आता बरं वाटतं आहे असं लिहायला पाहिजे, पण वाटत नाही. काकूंना उन्हात जाऊ देऊ नका, थेंब वेळेवर घाला. गल्लीतल्या सर्वांना जय भीम सांगा. रत्ना आणि हर्षिताचा नमस्कार.

तुमचा,
प्रल्हाद

ता.क. सोबत दोन पानांचा एक फॉर्म आहे. तो तुमच्यासाठी आहे. ‘छुपा मालक’ जर नोटरीसमोर सही करून म्हणाला की मी मालक नाही, तर ड्रॉपडाउन बदलता येतं, असं नेत्राने शोधून काढलं. खाली दोन ठिकाणी सही, दुसऱ्या पानावर नोटरीचा शिक्का. दसऱ्याच्या सुट्ट्यांत नोटरी मिळत नाही हे मला माहीत आहे, पण तुमच्यासाठी कुणीही घरून उठून येईल. परतीच्या कुरिअरचं पाकीट पत्ता घालून आत ठेवलं आहे. मात्र शैलजाला यातलं काही सांगू नका. हा फॉर्म तिच्याकडे आठ दिवसांपासून पडून होता. मी म्हटलं, काकांना पाठव, एक सही तर आहे. ती म्हणाली, बाबांना हे लिहून द्यायला सांगणार नाही, नामंजूर झालं तर होऊ दे, तुमची अनामत मी भरून देईन. मी राधाताईंकडून कॉपी मिळवली. शैलजाला कळेल तेव्हा कळेल.

ता.क. २. तो क्लायंट मी होतो. कागद द्यायला गेलो होतो आणि शैलजा यायची होती म्हणून बसलो होतो. त्या माणसाने फार अदबीने विचारलं, हे कोण, आणि मला वाटलं, बरं झालं विचारलं. आपल्याकडे कुणी घराचं कौतुक केलं तर आपण काय म्हणतो? सगळं आईवडिलांचंच आहे म्हणतो. मी तेच म्हटलं. वर आणखी सांगितलं की रोज त्यांच्याशी बोलल्याशिवाय ती काम सुरू करत नाही, म्हणजे मुलगी किती गुणाची आहे ते त्याला कळावं. त्याने सगळं लिहून घेतलं, हात मिळवला, थँक यू म्हणाला. मला वाटलं, शैलजाचं काम झालं. संध्याकाळी रत्नालाही सांगितलं की आज मी तिची चांगली शिफारस केली. शैलजाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे तो क्लायंट कोण ते. तिने एकदाही विषय काढलेला नाही, आणि माझं बीपी त्यामुळे वाढलं आहे, लेंडरमुळे नाही. वर त्या क्लायंटबद्दल जे लिहिलं आहे ते खोडत नाही.

ता.क. ३. फॉर्ममध्ये सहा कलमं आहेत. पाच ठीक आहेत. चौथं असं आहे: ‘सदर कार्यालय उभारण्यात माझा पैसा, श्रम अथवा अन्य कोणत्याही स्वरूपाचा सहभाग नाही.’ तिच्या लॉ स्कूलच्या तीन वर्षांत तुम्ही रविवारीसुद्धा घरी टाइप करत होतात आणि साठी उलटूनही टेबल सोडलं नाहीत, हे सगळ्या इंदोऱ्याला माहीत आहे. मी नेत्राला म्हटलं, हे एक कलम खोडून पाठवतो. ती म्हणाली, ‘दादा, खोडलेला फॉर्म सिस्टिम घेत नाही.’ खोटं प्रतिज्ञापत्र टाइप करत नाही म्हणून तुम्ही हातात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचे, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. चौथं कलम वाचू नका असं लिहिणार होतो, पण समोर आलेला कागद तुम्ही कधी न वाचता पुढे सरकवलेला नाही. तेव्हा वाचा. मला वाटतील तेवढ्या शिव्या द्या. आणि मग, काका, चौतीस वर्षांत जे केलं नाही ते करा, खोट्यावर सही करा. निळ्या शाईत, येत्या शनिवारच्या आत.